घरच्या घरी ऑडिओ स्विच बॉक्स: कुठला पार्ट घ्यायचा आणि का

ॲम्पला मागे ऑक्स इनपुट एकच, फार तर दोन, आणि लावायला मात्र टीव्ही, लॅपटॉप, ब्लूटूथ रिसीव्हर, जुना सीडी प्लेयर. मग रोज मागे हात घालून एक पिन काढा दुसरी घाला. यात वैताग तर आहेच पण ॲम्पलाही ते चांगलं नाही, कारण आरसीए पिनचं (टीव्ही-सीडीच्या केबलची ती लाल-पांढरी गोल पिन) मधलं टोक सॉकेटला आधी टेकतं आणि बाहेरची रिंग म्हणजे ग्राउंड नंतर, त्या मधल्या क्षणात स्पीकरमधून जो घर्रर्र आवाज येतो तो त्याचाच. त्यात लॅपटॉप दोन पिनी चार्जरवर असेल तर चार्जरमधल्या छोट्या कपॅसिटरमधून त्याच्या ग्राउंडवर थोडं मेन्स झिरपलेलं असतं (लॅपटॉपच्या मेटलला हात लावल्यावर झिणझिण लागते ना, तेच), आणि ते सगळं ॲम्पच्या इनपुटमधून जातं. बॉक्स केला की पिना एकदाच लावायच्या, तेही सगळं बंद असताना, आणि पुढे फक्त नॉब फिरवायचा.

मी इथे बोलतोय ते चार सोर्स आणि एक ॲम्प अशा साध्या स्टिरिओ बॉक्सबद्दल. सप्लाय नाही, आयसी नाही, आत फक्त स्विच, सॉकेट, वायर आणि मोजून काही रेझिस्टर. आणि म्हणूनच पार्ट निवडताना विचार करायचा, कारण आवाज बिघडवू शकेल अशा जागा या बॉक्समध्ये दोनच आहेत, स्विचचे कॉन्टॅक्ट आणि सॉकेटचे कॉन्टॅक्ट. माझं मत स्पष्ट आहे, बजेट जे काही असेल त्यातला मोठा वाटा या दोघांवर घाला आणि बाकी सगळं साधं घ्या.

आधी एक गोष्ट नक्की करा, तुम्हाला सिग्नल बदलायचाय की स्पीकर. सीडी प्लेयर, टीव्ही, ब्लूटूथ यांच्यातून जो सिग्नल ॲम्पकडे येतो तो लाइन लेव्हल, सीडी प्लेयरचा जास्तीत जास्त २ व्होल्ट, बाकीच्यांचा बहुतेक त्याहून कमी, आणि करंट इतका बारीक की नसल्यात जमा. ॲम्पमधून स्पीकरकडे जातो तो अँपिअरमधला करंट. दोन्हींना स्विच वेगळा लागतो, वायर वेगळी लागते, आणि एकाचा बॉक्स दुसऱ्याला चालत नाही. स्पीकरच्या बॉक्सचं शेवटी थोडक्यात सांगतो कारण तिथे चूक झाली तर ॲम्प जातो.

स्विच

दुकानात जाऊन नुसतं "रोटरी स्विच द्या" म्हटलं तर समोरचा विचारणार किती पोल किती वे. पोल म्हणजे एका वेळी किती वेगवेगळ्या लाइनी बदलायच्या, वे म्हणजे किती जागा. स्टिरिओला डावा आणि उजवा असे दोन पोल लागतात, ग्राउंड आपण बदलत नाही. बाजारात जो प्लास्टिक बॉडीचा साधारण २६ मिमी व्यासाचा स्विच सगळीकडे मिळतो त्याला बाहेरच्या गोलात १२ पिना असतात आणि आत कॉमनच्या (म्हणजे जिथून निवडलेला सिग्नल ॲम्पकडे जातो त्या), आणि त्या १२ पिनांचीच वाटणी वेगवेगळी केलेली असते, १ पोल १२ वे, २ पोल ६ वे, ३ पोल ४ वे, ४ पोल ३ वे. चार सोर्सला २ पोल ६ वे किंवा ३ पोल ४ वे, दोन्ही चालतात.

मला २ पोल ६ वे जास्त आवडतो. चार सोर्स लावा, पाचवी जागा म्यूट करा म्हणजे त्या जागेवरच्या दोन्ही पिना ग्राउंडला जोडून टाका, मग नॉब तिथे आणला की ॲम्पचं इनपुट ग्राउंडला शॉर्ट होतं आणि एकदम शांत. (सोर्सचा आउटपुट शॉर्ट होत नाही, काळजी नको, तो नुसता मोकळा राहतो.) सहावी जागा नको असेल तर या स्विचच्या नटाखाली एक दात असलेला वॉशर असतो, तो काढून हव्या त्या भोकात बसवला की स्विच पाचवर थांबतो. नवीन माणसाला हे माहीत नसतं आणि स्विच तिसऱ्याच जागेवर अडकतोय म्हणून तो खराब समजून परत करायला निघतो, तर आधी तो वॉशर बघा.

३ पोल ४ वे घेतलात तर एक पोल जास्तीचा पडतो, त्याचाही उपयोग आहे. डावा पहिल्या पोलवर घ्या, उजवा तिसऱ्यावर, आणि मधल्या पोलच्या सगळ्या पिना ग्राउंडला जोडा. दोन चॅनलच्या मध्ये निदान एका बाजूने ग्राउंडची भिंत उभी राहते. खरं सांगायचं तर इतकं करायची गरज फार क्वचित पडते, कारण हिशोब बघा, शेजारच्या दोन कॉन्टॅक्टमध्ये अगदी ५ पीएफ (पिकोफॅरड) कपॅसिटन्स धरला तरी १० किलोहर्ट्झला त्याचा अडथळा ३० लाख ओहमच्या वर जातो, आणि समोर चालू असलेल्या सोर्सचा आउटपुट हजारभर ओहमचा असेल तर गळून येणारा आवाज साधारण ७० डेसिबल खाली राहतो. गाणं चालू असताना तो ऐकू येणार नाही. पण ज्या जागेवर काहीच जोडलेलं नाही तिथे नॉब ठेवलात आणि शेजारचा सोर्स वाजत असेल तर त्याचा बारीक पातळ आवाज येतो, तो बॉक्सचा दोष नाही, रिकामं इनपुट हवेत लटकतंय म्हणून.

आता दुसरा प्रश्न जो दुकानदार विचारणार नाही पण तुम्ही विचारायचा, शॉर्टिंग की नॉन-शॉर्टिंग. नॉन-शॉर्टिंगमध्ये जुना कॉन्टॅक्ट आधी सुटतो मग नवीन लागतो. शॉर्टिंगमध्ये नवीन लागल्यावर जुना सुटतो, म्हणजे क्षणभर दोन सोर्सचे आउटपुट एकमेकांना जोडले जातात. लाइन लेव्हलला त्याने सहसा काही जळत नाही कारण बहुतेक आउटपुटला आत सिरीज रेझिस्टर असतो, तरी आपल्या कामाला नॉन-शॉर्टिंगच घ्या. पाकिटावर लिहिलेलं नसेल तर मल्टीमीटर बीपवर ठेवून कॉमन सोडा आणि शेजारच्या दोन पिनांवर प्रोब लावून नॉब अगदी हळू फिरवा, मध्ये बीप वाजला तर शॉर्टिंग.

कॉन्टॅक्टचं मटेरियल हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आणि लोक नेमका इथेच उलटा विचार करतात. "१० अँपिअरचा स्विच आहे, दणकट आहे" म्हणून घेतात. मोठ्या करंटच्या स्विचचे कॉन्टॅक्ट हे गृहीत धरून केलेले असतात की उघडझाप होताना बारीक ठिणगी पडेल आणि कॉन्टॅक्टवर बसलेला थर जळून जाईल. आपल्या सिग्नलमध्ये तेवढा दमच नाही, मग थर साचत जातो आणि वर्षभरात एक चॅनल कधी येतो कधी जातो, किंवा नॉब हलवला की खरखर. चांदीचा मुलामा असलेले कॉन्टॅक्ट हवेतल्या गंधकाने काळे पडतात, कोकणात किनाऱ्याला दमट हवेत किंवा कारखान्यांच्या पट्ट्यात हे आणखी लवकर. सोन्याचा मुलामा काळा पडत नाही म्हणून बारीक सिग्नलला तो सगळ्यात भरवशाचा, महाग आहे पण स्विच एकच घ्यायचाय. तो परवडत नसेल तर चांदीचा चालेल, फक्त बंद बॉडीचा घ्या, ज्याच्यात बाहेरून कॉन्टॅक्ट दिसतात असा उघडा नको, आणि अधूनमधून नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहा, घासून कॉन्टॅक्ट साफ होतात.

घेताना हातात फिरवून बघा. प्रत्येक जागेवर टक् करून ठाम बसला पाहिजे. दोन जागांच्या मध्ये अडकून राहत असेल किंवा शाफ्ट आडवा डुगडुगत असेल तर दुसरा मागा, सरळ मागा, लाजू नका.

सोर्स दोनच असतील तर रोटरीची गरजच नाही, ६ पिनी टॉगल घ्या, डीपीडीटी म्हणजे दोन पोल दोन वे. फक्त त्यात ऑन-ऑन आणि ऑन-ऑफ-ऑन असे दोन प्रकार दिसायला सेम असतात, छोट्या टॉगलमध्ये २०२ नंबर म्हणजे ऑन-ऑन आणि २०३ म्हणजे मध्ये बंद असलेला. मधल्या पिना ॲम्पला, वरच्या एका सोर्सला, खालच्या दुसऱ्याला, झालं.

रिमोट हवा, बटण दाबून लाइट लागला पाहिजे असं वाटत असेल तर रिले म्हणजे कॉइलला करंट दिला की लागणारे स्विच घ्यावे लागतात. मग सिग्नल रिलेच घ्या, ८ पिनी छोटा चौकोनी येतो तो, इन्व्हर्टरमध्ये लागतो तो साखरेच्या क्यूबसारखा पॉवर रिले नको, कारण वर सांगितलं तेच. प्रत्येक कॉइलला उलटा डायोड हवाच. ४०५२ आयसी वापरूनही होतं, एका आयसीत स्टिरिओचे चार इनपुट बसतात, पण त्याला सप्लाय लागतो, सिंगल सप्लाय असेल तर सिग्नल अर्ध्या सप्लायवर उचलावा लागतो, इनपुट आउटपुटला कपॅसिटर लागतात. पहिला बॉक्स करताय तर यात पडू नका. रोटरीचा बॉक्स लाइट गेली तरी, सप्लाय उडाला तरी, काहीही झालं तरी चालतो.

सॉकेट

आरसीए सॉकेटला काही दुकानांत एव्ही सॉकेट म्हणतात. दोन प्रकार समोर येतील. एक तपकिरी पट्टीवर रिव्हेट मारलेले चार किंवा सहाचे, जुन्या डीव्हीडी प्लेयरच्या मागे असतात तसे. स्वस्त असतात, भोकं मारायला त्रास, आणि रिव्हेट सैल झाला की ग्राउंड जातं आणि मोठ्ठा हम म्हणजे मेन्सचा घूं आवाज येतो. दुसरे एकेकटे, नट वॉशरवाले, मेटलचे. हेच घ्या. त्यातही प्लास्टिकचे वॉशर बरोबर आहेत ना बघा, एक चपटा आणि एक उंबरठा असलेला, ते लावले की सॉकेटची बॉडी डब्यापासून वेगळी राहते. हे का हवं ते ग्राउंडच्या भागात येतंच.

दुकानातच एक चांगली पिन बरोबर न्या आणि घालून बघा. घट्ट बसली पाहिजे पण काढताना पक्कड लागेल इतकी नाही. सोल्डर करताना स्वस्त सॉकेटचं आतलं प्लास्टिक वितळतं आणि मधला कॉन्टॅक्ट वाकडा होतो, त्यावर सोपा उपाय म्हणजे सोल्डर करताना सॉकेटमध्ये एक जुनी पिन घालून ठेवायची, कॉन्टॅक्ट जागेवर राहतो आणि उष्णताही थोडी ती पिन खाते.

मोबाइलसाठी ३.५ मिमीचा सॉकेट हवा असेल तर तो पुढच्या बाजूला द्या, दुकानात ईपी स्टिरिओ म्हणून मागितला तरी कळतं. पण हे छोटे सॉकेट लवकर सैल होतात, म्हणून कायमची जोडणी यावर ठेवू नका, पाहुणा आला त्याने गाणं लावलं इतपत ठीक.

रंग लाल उजवा आणि पांढरा किंवा काळा डावा. चार इनपुट आणि एक आउटपुट म्हणजे दहा सॉकेट, पाच पाचच्या दोन ओळी. दोन सॉकेटच्या मध्यात किमान १८ ते २० मिमी ठेवा कारण चांगल्या केबलच्या पिना जाड असतात आणि १४ मिमीवर शेजारी शेजारी बसतच नाहीत.

डबा

वरच्या हिशोबाने मागची बाजू साधारण १३० मिमी रुंद आणि ५० मिमी उंच हवी, खोली ८० मिमी पुरते. मेटलचाच घ्या. ॲल्युमिनियमला भोकं मारणं सगळ्यात सोपं, पातळ स्टेनलेस स्टील साध्या ड्रिल बिटने नीट कापलं जात नाही आणि कडा फाटतात म्हणून स्वयंपाकघरातला डबा पळवायचा विचार असेल तर तो सोडा. प्लास्टिकचा डबा चालतो का, चालतो, पण मग आत शिल्डेड वायर हवी आणि स्विचची बॉडी किंवा शाफ्ट मेटलचा असेल तर तो ग्राउंड करायलाच हवा, नाहीतर नॉबला हात लावला की हम.

वजन हा मुद्दा सहसा कुणी धरत नाही. पाच जोड्या केबल मागून ओढत असतात आणि हलका डबा नॉब फिरवला की सरकतो किंवा मागे कलंडतो. जड डायकास्ट डबा घ्या किंवा आत तळाला एक लोखंडी पट्टी स्क्रूने बसवा, आणि खाली रबरी पाय.

भोकं शेवटी मारायची, सगळे पार्ट हातात आल्यावर, मोजून. नॉब पण स्विचबरोबरच घ्या, शाफ्ट ६ मिमीचा असला तरी कुठला पूर्ण गोल, कुठला एका बाजूने चपटा, कुठला दातेरी. बाजूने ग्रब स्क्रू असलेला नॉब गोल आणि चपट्या दोन्हींवर बसतो.

वायर, ग्राउंड आणि रेझिस्टर

वायरीवर पैसे घालवू नका. मेटलच्या डब्यात दहा सेंटीमीटरच्या अंतराला साधी पातळ हुकअप वायर पुरते, डावा उजवा वेगळ्या रंगाचे घ्या म्हणजे जोडताना डोकं शांत राहतं. प्लास्टिकचा डबा असेल तर माइकची शिल्डेड वायर, तिचं शिल्ड एकाच टोकाला जोडा.

ग्राउंडसाठी सगळ्या सॉकेटच्या बाहेरच्या टॅगना एकच जाड उघडी टिन केलेली तांब्याची वायर फिरवा आणि ती आउटपुटच्या सॉकेटपाशी, फक्त तिथेच, डब्याला जोडा. म्हणून ते प्लास्टिकचे वॉशर, नाहीतर डबा दहा ठिकाणी ग्राउंड होतो.

सगळे ग्राउंड एकत्र आले की एक गोष्ट होते जी आधी माहीत असलेली बरी. टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सला केबलवाल्याची कोॲक्स येते, तिचं शिल्ड बिल्डिंगमध्ये कुठेतरी दुसरीकडे अर्थ झालेलं असतं, आणि तुमचा ॲम्प तीन पिनी असेल तर त्याचा अर्थ वेगळा. दोन्हींच्या मधून करंट फिरायला लागतो आणि ५० हर्ट्झचा हम येतो, आणि तो ब्लूटूथवर नॉब ठेवला तरी येतो कारण ग्राउंड जोडलेलंच आहे. तपासायला सेटटॉप बॉक्सची कोॲक्स काढा, हम गेला तर कारण तेच. उपाय म्हणजे त्या एका इनपुटला ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, गाडीच्या स्टिरिओसाठी ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो तोही चालतो, स्वस्तातल्यात बेस थोडा कमी होतो. ॲम्पची अर्थ पिन कापायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, जिवाशी खेळ आहे तो.

रेझिस्टर. काही सोर्सच्या आउटपुट कपॅसिटरमधून थोडं डीसी गळतं आणि ते जागेवर साचून राहतं, नॉब त्या जागेवर नेला की धप्प. प्रत्येक इनपुटच्या मधल्या पिनेपासून ग्राउंडला एकेक १ मेगओहमचा रेझिस्टर लावा, म्हणजे आठ, आणि स्विचच्या कॉमनपासून ग्राउंडला दोन. साधे पाव वॉटचे मेटल फिल्म. पैशात काहीच नाही पण बॉक्स वापरताना फरक रोज जाणवतो.

एखादा सोर्स बाकीच्यांपेक्षा फारच जोरात असेल, सीडी प्लेयर बहुतेक असतोच, तर त्या इनपुटला सिरीजमध्ये १० के (किलोओहम) आणि त्याच्या पुढे ग्राउंडला १० के, सिग्नल साधारण निम्मा होतो. बॉक्समध्ये व्हॉल्यूम पण टाकू का असं बरेच विचारतात. टाका, पण १० केचा ड्युअल लॉग पॉट (दोन्ही चॅनलचा एकाच नॉबवरचा व्हॉल्यूम कंट्रोल) घ्या. ५० केचा घेतलात तर मधल्या जागेवर त्याचा आउटपुट रेझिस्टन्स १२.५ के पर्यंत जातो आणि पुढे पाच मीटर केबल म्हणजे अंदाजे ५०० पीएफ असेल तर २५ किलोहर्ट्झच्या आसपासच उतार लागतो, म्हणजे ट्रेबलला हात लागला. ज्याच्या ॲम्पला व्हॉल्यूम आहे त्याने टाकूच नये.

रेकॉर्ड प्लेयरवाल्यांसाठी, त्याचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो, तो थेट या बॉक्समधून नेऊ नका, आधी फोनो प्रीॲम्प आणि मग बॉक्स. आणि एचडीएमआय किंवा ऑप्टिकल या बॉक्समधून जात नाही, नव्या टीव्हीला बहुतेक वेळा ऑप्टिकलच असतं, तिथे कन्व्हर्टर लावून त्याचा आरसीए इथे आणायचा.

स्पीकर बदलायचे असतील तर

वेगळा बॉक्स करा. चार पोल लागतात, डाव्याचे प्लस मायनस आणि उजव्याचे प्लस मायनस. मायनस एकत्र करायचा मोह होतो पण टीपीए३११६ सारख्या क्लास-डी बोर्डात मायनसही जिवंत असतो, तो दुसऱ्या चॅनलच्या मायनसला किंवा डब्याला लागला तर बोर्ड उडू शकतो. इथे मात्र अँपिअरवाला दणकट स्विच हवा, नॉन-शॉर्टिंग, आणि दोन ॲम्प एका स्पीकरवर बदलत असाल तर मध्ये ऑफ असलेला. दोन ॲम्पचे आउटपुट क्षणभरही एकत्र यायला नकोत. आणि व्हॉल्व्हचा ॲम्प असेल तर तो चालू असताना स्पीकर सोडवायचाच नाही.

खरेदी

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तापकीर गल्ली. स्विच आणि सॉकेट शक्यतो दुकानात जाऊन घ्या, कारण ते फिरवून घालून बघायचे पार्ट आहेत, ऑनलाइन फोटोत टक् कळत नाही. रेझिस्टर, वायर, नट ऑनलाइन मागवले तरी चालतं. स्विच दोन घ्या, तसाच दुसरा नंतर मिळेलच असं नाही.

बॉक्स झाला की ॲम्पला लावायच्या आधी मीटरने प्रत्येक जागेवर इनपुट ते आउटपुट बीप बघा, आणि बाकीच्या इनपुटना बीप येत नाही हेही बघा, डावा उजव्याला लागत नाही हे बघा, मधली पिन ग्राउंडला लागत नाही हे बघा (म्यूटवर आउटपुटची लागलीच पाहिजे). मग व्हॉल्यूम शून्यावर ठेवून लावा. पुढे कधी खरखर आली तर आधी नॉब वीसेक वेळा पूर्ण फिरवा, नाही गेली तर स्विचमध्ये इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि परत फिरवा, मशीनचं तेल किंवा गंजाचा स्प्रे नको, त्याचा चिकट थर आत राहतो आणि त्यावर धूळ बसते.